आप्पा उसात होते

९ मे २०२५. रात्री इंदापूरहून आईचा फोन. “ते रशियाचं यान आपल्याकडं पडंल का रे? आप्पा रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी द्यायला गेलेत.”

१९७२ साली शुक्राकडे निघालेलं कॉसमॉस ४८२ बिघाडामुळे पृथ्वीभोवतीच अडकलं होतं. जवळपास पाचशे किलोची कुपी, शुक्राचा ताप सोसायला बनवलेली. ती हवेत जळून जाईलच याची खात्री नव्हती.

“शक्यता नगण्य आहे,” मी बारामतीतून म्हणालो.

“चंद्रपूरच्या लाडबोरीत पण नगण्यच असंल.”

२०२२ मध्ये तिथे आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं होतं. मी अख्खी पृथ्वी धरून हिशोब केला होता, आईने आमचं एकच शेत.

आप्पा घरी पोचेपर्यंत मी जागा होतो. यान दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास हिंदी महासागरात पडल्याचं रशियाने सांगितलं.