तारीख ठरवायला शिकवणारी ताई

2018 साली परभणी जिल्ह्यातून मी पुण्याला आले, तेव्हा वाटायचं, वर्ष-दोन वर्षं नेटानं अभ्यास केला की लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून पोस्ट निघेल. नाही निघाली तर काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. पुढे तो पडला आणि त्यानं झोप उडवली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसच्या खोलीत आम्ही चौघी होतो. सांगोल्याकडची ताई सगळ्यांत मोठी, मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेली. मी आज ज्या जागी आहे, ती तिच्यामुळे.

पूर्वपरीक्षेच्या पहिल्याच निकालात माझा नंबर नव्हता. मी अभ्यासिकेत जाणं बंद केलं. ताईनं समजूत घातली नाही. वही पुढे करून तिनं विचारलं, "खोली, मेस, अभ्यासिका, पुस्तकं. महिन्याला घरून किती मागवतेस?" मी ती बेरीज कधी केलीच नव्हती. तेवढ्या पैशाला किती कापूस विकावा लागतो, हेही तिनं माझ्याकडूनच काढून घेतलं. त्या संध्याकाळी बाबांना फोन करून मी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं: निकाल लागला, माझं नाव नाही, पुढचं मला माहीत नाही. बाबा म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट 38, मागासवर्गीयांसाठी 43. ही सवलत आहेच, पण अभ्यासिकेत बसलेल्याला तीच 'अजून एकदा' म्हणायला लावते आणि एकेका जाहिरातीची वाट पाहत तिशी उलटते. मुलींचं आणखी वेगळं. आमची वयोमर्यादा जाहिरातीत छापलेली नसते. दिवाळीला गावी गेलं की पाहुण्यांच्या बोलण्यातून ती कळते. ताई म्हणायची, "आयोगाची मर्यादा आयोगाकडं. तुझी तारीख तू ठरव, नाहीतर दुसरं कुणीतरी ठरवील." तिला स्वतःला ती वेळेवर ठरवता आली नव्हती आणि हे ती लपवत नसे.

मग 2020 आलं. 5 एप्रिलची पूर्वपरीक्षा कोरोनामुळे पुढे गेली, नंतरही तारखा बदलत राहिल्या आणि ती झाली 21 मार्च 2021 ला. त्या काळात मी गावीच होते. "कधी आहे मग परीक्षा?" याला माझ्याकडे उत्तर नसे. रविवारी ताईचा फोन नेमानं यायचा. परीक्षेबद्दल ती अवाक्षर काढत नसे. काय वाचलंस, शेतात कोणतं काम चाललंय आणि टायपिंगचं काय ठरवलंस, एवढंच विचारायची. गट-क मधल्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठीचा मिनिटाला 30 किंवा इंग्रजीचा 40 शब्दांचा वेग लागतो, त्याचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. मला मात्र टायपिंग शिकणं म्हणजे उपजिल्हाधिकारी व्हायची आशा सोडणं वाटायचं.

ताईनं वाद घातला नाही. पुण्यात परतल्यावर तिनं मला हाताला धरून टायपिंगच्या क्लासला नेऊन बसवलं. तो एक तास मला सावरत गेला. परवापेक्षा आज दोन शब्द जास्त आले, हे तिथं डोळ्यांना दिसायचं. राज्यसेवेच्या अभ्यासात असं काही दिसत नाही. तिथं वर्षभराचं वाचन एका कट-ऑफच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतं. पुढचं सगळं धूसर असताना रोज मोजता येईल असं एखादं काम हाताशी लागतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

तारीख मी ठरवली: 2022 ची दिवाळी. ताई बाबांशी बोलली, "काका, तोवर स्थळ बघू नका." बाबांनी शब्द पाळला. दिवाळी आली, राज्यसेवा निघाली नव्हती. मी फार रडले, पण थांबले, आणि गट-क च्या परीक्षेला लागले.

ताई त्याआधीच सांगोल्याला परतली होती. डाळिंबाची बाग सांभाळून ती संध्याकाळी गावातल्या दहावीच्या मुलांना शिकवते. मी एका शासकीय कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे. नेमणुकीचं पत्र हातात आलं तेव्हा पहिला फोन बाबांना केला, दुसरा तिला. ज्या प्रमाणपत्रावर ही नोकरी मिळाली, त्याच्या परीक्षेची फी ताईनं भरली होती. ते पैसे ती अजूनही परत घेत नाही.