मन्याचं वाटीभर पाणी

मांजर पाळणारीला विचारा, "तुमचं मांजर खातं काय?" ती अर्धा तास बोलेल. पण "पितं काय?" असं विचारलंत, तर चटकन म्हणेल, "दूध!" मीसुद्धा हेच सांगायची. आमचा मन्या पाणी पितो की नाही, किती पितो, कुठं पितो, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मांजराला तहान लागली तर ते पिईल, त्यात आपण काय करायचं, असं वाटे. ही समजूत मला फार महागात पडणार होती.

मन्या आमच्या लातूरच्या घरी आला तो २०१५ च्या पावसाळ्यात. पावसाळा म्हणायचा एवढंच, आभाळ आलं तसं निघून गेलं. पुढचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले. पाणी भरताना भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च २०१६ मध्ये जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. आमच्या गल्लीत एक जण म्हणालेही, "मांजराच आटली, तिथं मांजराचं काय घेऊन बसलात!"

त्या दिवसांत घर कसं चालायचं, ते लातूरच्या बाईला सांगायला नको. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. प्रत्येक ड्रमावर झाकण आणि झाकणावर दगड. माठाचं तोंड फडक्यानं बांधलेलं. यात मी एक शहाणपणा केला. धाकट्या दिरांनी पुण्याहून मांजराच्या कोरड्या खाद्याची पिशवी आणली होती. म्हटलं, छानच झालं! दूध-भाकरीच्या काल्याचं भांडं घासायला नको, माशाच्या वासाची ताटली विसळायला नको. मन्याला मूठभर गोळ्या टाकल्या की काम संपलं. वाचलेल्या पाण्याचं मलाच कौतुक!

मन्या पूर्वी मोरीतल्या बादलीत तोंड घालायचा, नळाचा थेंब चाटायचा. आता मोरी ठणठणीत कोरडी. मी त्याच्यासाठी म्हणून एक उभी, अरुंद वाटी खाण्याच्या ताटलीशेजारी ठेवली होती. ती तशीच भरलेली राही. मी मनात म्हणायची, बघा, याला पाणी लागतच नाही.

एप्रिल सरता सरता मन्या सारखा मातीच्या घमेल्यात जाऊन बसू लागला. बसायचा, कुंथायचा, बारीक ओरडायचा, खालचं अंग चाटत राहायचा. मला वाटलं, बद्धकोष्ठ झालं असेल. सासूबाई म्हणाल्या, "एरंडेल दे थोडं." नशीब, ते दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्रमामागं गार फरशीवर पडलेला, ओकून ओकून थकलेला. पोटाला हात लावला तर चेंडूसारखं घट्ट. भाजीच्या टोपलीवर ओढणी बांधून त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "लघवी कधी केली यानं? पाणी किती पितो?"

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत मुलांना मी 'माहीत नाही' म्हणू देत नाही!

मन्याची लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. लघवी घट्ट झाली की त्यातली कचकच आणि चिकट स्राव यांचा बोळा बनून तिथं अडकू शकतो. डॉक्टरांनी गुंगी देऊन नळी घातली, सलाईन लावलं. कोरडं खाणं हे एकच कारण नसतं, वजन, घरातला ताण यांनीही होतं, असं ते म्हणाले. पण आणखी एखादा दिवस घालवला असता तर मन्या हाती लागला नसता, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, बोका वारंवार बसतो आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर घरगुती औषध करत बसू नका. तशीच टोपली उचला.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात पक्की बसली. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. त्यांची तहान मुळात मंद, आणि पाणी मिळायचं ते शिकारीतून. उंदराच्या अंगात दोनतृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. कोरड्या गोळ्यांत ते दहाव्या हिश्शाइतकंही जेमतेम. म्हणजे मी मन्याचं खाण्यातलं पाणीच काढून घेतलं होतं, आणि तहान लागेल तेव्हा तो पिईल म्हणून वाट बघत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "माणसाला मिळंना, अन् ह्याला कुठून आणायचं पाणी?" प्रश्न खोटा नव्हता. मी औषधाच्या मापानं मोजून दाखवलं. चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातलं धरून साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी. त्या काहीच बोलल्या नाहीत. पेला विसळायला आपण तेवढं ओततो.

मे महिन्यात मन्याला टोपलीत घालून नांदेडला माहेरी गेले. तिथंही विष्णुपुरीचं पाणी जपूनच वापरायचं होतं. पण आईनं अंगणात, जिन्याखाली, देवघराबाहेर असे तीन परळ ठेवलेले, चिमण्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मांजरांसाठी. मन्या पहिल्याच संध्याकाळी जिन्याखालच्या परळात जीभ लपलपवत होता! आई म्हणाली, "अगं, ताटाला चिकटून पाणी ठेवलंस तर कसा पिईल? आणि ती वाटी आहे का नळकांडं?"

लातूरला परत येताना कुंभाराकडून दोन परळ आणले. रुंद, उथळ, गार. एक खोलीच्या कोपऱ्यात, एक मागच्या दारी, दोन्ही घमेल्यापासून आणि ताटलीपासून लांब. पाणी रोज बदलायचं, शिळं कुंडीत. गोळ्या बंद केल्या नाहीत, पण कोमट पाण्यात भिजवून देऊ लागले. पहिले दोन दिवस त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जेवण सांडलंय. मग थोडंथोडं पाणी वाढवत नेलं. आठवड्यातून दोनदा कोंबडीचं उकडलेलं पाणी, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराला बाधतात, हे मसाल्याच्या रश्श्याची वाटी पुढं करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. दूध म्हणजे पाणी नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचतही नाही, हगवण लागून अंगातलं पाणी उलट कमी होतं. मी आता रोज घमेलंही बघते. मातीचे ओले गोळे किती झाले ते मोजते. माझे यजमान हसतात, हसोत.

त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं. नळ आले. आमच्या मोरीचा नळ तेव्हापासून किंचित गळतो. लातूरच्या घरात गळका नळ म्हणजे केवढी लाज! पण मन्याला तिथलाच थेंब आवडतो, म्हणून नळवाल्याला बोलवायचं मी टाळत आले. सासूबाईंनी त्याखाली पातेलं ठेवलंय. मन्याचं पिऊन झालं की उरलेलं त्या तुळशीला घालतात.