जेलीफिशचा उजेड आणि हृदयाचा ठोका

ड्रिलच्या मैदानावर उस्तादांचा हुकूम दोन तुकड्यांत येतो. ‘परेड’ ऐकून आम्ही तयार होतो, पण टाच आपटते ती ‘सावधान’ ऐकल्यावरच. स्नायूंचेही तसेच आहे. त्यांना हुकूम देते कॅल्शियम. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटले की स्नायू आकसतो, ते परत साठ्यात गेले की सैल पडतो. पाठ्यपुस्तकात कॅल्शियम भेटते ते बहुधा हाडे आणि दातांपुरते, त्यामुळे हे कळल्यावर मला नवल वाटले.

मी या विषयाकडे वळलो आजोबांमुळे. म्हैसूरला आमचे घर लष्कर मोहल्ल्यात आहे. आजोबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. अशोका रोडने सेंट फिलोमिना चर्चपर्यंत ते नेहमी माझ्या दोन पावले पुढे असत. या दिवाळीत ते जिन्यावरच दोनदा थांबले. हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे, असे डॉक्टर म्हणाले. ‘पंपिंग कमी म्हणजे नेमकं काय रे?’ असे त्यांनी मला विचारले. शोधता शोधता मी जेलीफिशपर्यंत पोहोचलो!

1961 च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला आले. तिथल्या ‘इक्वोरिया’ जेलीफिशच्या कडेला उजेड देणारे ठिपके असतात. शिमोमुरा आणि सहकाऱ्यांनी सुमारे 10,000 जेलीफिश जाळ्याने पकडून त्यांच्या कडा कापल्या आणि फडक्यातून पिळल्या. पण काढलेला रस विझून जाई. आम्लात तो शांत राहतो, एवढे त्यांना सापडले. एके दिवशी त्यांनी उरलेला रस सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळ्या प्रकाशाने उजळले. सिंकमध्ये मत्स्यालयाचे समुद्राचे पाणी येत होते. त्या पाण्यातल्या कॅल्शियमने ही किमया केली होती. 1962 मध्ये या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचे नाव इक्वोरिन. (कोकणात रात्री लाटा चमकतात त्या नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवामुळे. तो जीव वेगळा, त्याचे रसायनही वेगळे.)

शिमोमुरांचे वडील लष्करी अधिकारी होते. 9 ऑगस्ट 1945 ला नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा हा 16 वर्षांचा मुलगा जवळच्या इसाहाया गावी कारखान्यात कामाला जुंपलेला होता. त्या लखलखाटाने त्याला सुमारे अर्धा मिनिट काही दिसेना. मी हा परिच्छेद तीनदा वाचला. इतका भयंकर उजेड पाहिलेला माणूस पुढे आयुष्यभर हाताला चटकाही न देणाऱ्या थंड उजेडामागे लागला.

इक्वोरिन पेशीत टोचले की कॅल्शियमचा हुकूम डोळ्यांना दिसतो. 1967 मध्ये रिजवे आणि ॲशली यांनी ते बार्नकल या सागरी प्राण्याच्या स्नायूत टोचले. स्नायू आकसण्याच्या वेळी प्रकाश चमकला. 1978 मध्ये ॲलन आणि ब्लिंक्स यांनी बेडकाच्या हृदयाच्या स्नायूवर हाच प्रयोग केला. 1985 मध्ये इक्वोरिनचे जनुक हाती आले. त्यामुळे ते जिवाणूंकडून बनवून घेता येऊ लागले.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मला 1987 च्या एका अभ्यासात सापडले. हृदय पार निकामी झालेल्या रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत इक्वोरिन घातले, तर त्याचा उजेड निरोगी स्नायूपेक्षा रेंगाळत मावळला. म्हणजे कॅल्शियम वेळेवर परत जात नव्हते. हृदयाला ‘सावधान’ ऐकू येत होते, ‘विश्राम’ उशिरा पोहोचत होते. नीट सैल न पडणारे हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुरेसे भरणार कसे?

मी फोनवर आजोबांना हे सगळे सांगितले. इक्वोरिन हे औषध नाही, तेव्हा गोळ्या चुकवायच्या नाहीत, हेही बजावले. त्यांना बेडकापेक्षा शिमोमुराच जास्त आवडले. ‘फौजीचा मुलगा ना? मग बरोबर!’ असे म्हणून त्यांनी पुढच्या सुट्टीत शिमोमुरांचा फोटो छापून आणायला सांगितला आहे.