सुकतीचे खेळ

गोव्यातल्या दिवाडी बेटावर मूल हरवत नाही, असं आमच्याकडची मोठी माणसं म्हणायची. चहूकडे मांडवीचं पाणी, मग पोर जाणार तरी कुठे? रायबंदर, जुने गोवे नाहीतर नार्वे इथे नेणारी फेरीबोट पकडावी, तर बोटीवर बापाला ओळखणारा कुणीतरी असायचाच. म्हणून दुपारी पेज जेवून बाहेर पडलेल्या पोराला दिवेलागणीपर्यंत कुणी हाक मारत नसे. मुलींनासुद्धा नाही. बेटाला कड होती म्हणूनच आत इतकी मोकळीक होती. तशी मोकळीक मला पुढे कुठल्याच शहरात मिळाली नाही.

आमचा खेळ पाण्याच्या वेळेवर चालायचा. भरती आणि सुकती. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. कालच्या वेळेला आज खेळ मांडावा, तर खेळायची जागा पाण्याखाली. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे शाळेत शिकायच्या आधी आम्हाला पायांनी कळलं होतं. सुकतीला नदीकाठचा चिखल उघडा पडला की एक नांगी मोठी असलेले इवलेसे खेकडे बिळांतून बाहेर येत आणि निवट्या टणाटण उड्या मारत. त्यांच्यामागे धावताना गुडघ्यापर्यंत रुतायचं, चप्पल तिथेच सोडायची आणि घरी जाऊन बोलणी खायची.

पण खरा खेळ खाजनात. बेटाच्या सखल भागातली ही भातशेती पूर्वजांनी नदीकडून मागून घेतलेली आहे. माती, चिखल, जांभा दगड आणि पेंढा यांचे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि पाण्याच्या ये-जेसाठी बांधात मानस ठेवायची. मानशीला लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती मिटतात, सुकतीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाचा हात लागत नाही. मासळी धरायच्या हक्काचा लिलाव होत असल्याने मानशीत जाळं टाकायला आम्हाला बंदी होती. मग आम्ही बांधावर ओळीने बसून दार नेमकं कधी मिटतं यावर काजूच्या बिया लावायचो. लाकूड लाकडावर आदळल्याचा आवाज आला की जिंकणारा ओरडत सगळ्या बिया ओच्यात भरायचा. कोरगूट हे खारट मातीत तगणारं भात कापून झालं की तीच शेतं आमची मैदानं होत. धसकटं तळव्यांना टोचत, तरी फुटबॉल अनवाणीच. सुकती आणि सुट्टी एकत्र आली तर त्यासारखा दिवस नाही.

ऑगस्टमध्ये मात्र सगळ्यांना एकच वेड, फोताश. दोन्ही तोंडांनी मोकळं असं बांबूचं पेर घ्यायचं, त्यात घट्ट बसेल असा दांडा तासायचा. रानातलं एक हिरवं फळ दांड्याने ढकलून पुढच्या तोंडाशी नेऊन बसवायचं, मागून दुसरं फळ घालायचं आणि दांडा जोरात रेटायचा. दोन फळांमध्ये कोंडलेली हवा पहिल्याला उडवून लावते आणि मोठा 'फट्ट' होतो. पेर जाड की बारीक, फळ कच्चं की पिकलेलं, यावर आमची तासन्‌तास चर्चा चाले. माझा भाऊ बांबू निवडताना जितका गंभीर असे, तितका तो अभ्यासाला बसलेला मी कधी पाहिला नाही.

ही सगळी तयारी बोंदेरा या उत्सवाची. गावात सांगतात ती कथा अशी: दोन वाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या होत, रक्त सांडे, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं रोवली. लोकांना ती रुचली नाहीत आणि त्यांनी ती पाडली. आज ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गाव झेंडे घेऊन मिरवतं आणि लुटुपुटूच्या लढाईत फोताश वाजतात. ज्या भांडणात कधीकाळी माणसं जखमी झाली, ते गावाने पोरांच्या हातात खेळणं म्हणून दिलं. या बेटाने खूप सोसलंय. सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी मोडलं, देव पलीकडे नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधवलं. एवढं सोसलेल्या गावाला भांडणाचा खेळ करता यावा, याचा मला फार अभिमान वाटतो.

आमच्या खेळाचं जवळजवळ सगळं साहित्य मोठ्यांच्या कष्टातून आलेलं होतं. शेत कापलं म्हणून मैदान होतं, बांधावर दर वर्षी माती पडे म्हणून बसायला बांध होता. गोव्यातली कितीतरी खाजनं आता पडीक आहेत. बांध एकदा फुटला आणि वेळेवर बुजवला नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं, पीक जातं आणि हळूहळू खारफुटी वाढते. नदीकाठी खारफुटी हवीच. पण शेतात ती आली की ना भात, ना फुटबॉल. जिथे अजून नांगर फिरतो, तिथे भात कापल्यावर पोरं बॉल घेऊन उतरतात; बाकीची ओट्यावर बसून मोबाइल पाहतात. त्यांना मी दोष देत नाही; खेळायला शेतच उरलेलं नाही. म्हणून बोंदेराच्या वर्गणीतला एक हिस्सा बांधाच्या मातीसाठी काढून ठेवा, हे मी गावात प्रत्येकाला सांगत असते, आणि यंदाही सांगणार आहे.