उभा राहतोस, तर हे वाच

शिरूर कासार,
मार्च 2026

चि. बापू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं आणि मुद्दामच काही बोललो नाही. तुझ्या आजूबाजूला चार पोरं बसलेली असली की तू ऐकत नाहीस. पुढच्या निवडणुकीत नगरपंचायतीला उभं राहायचं म्हणतोस. राहा की. पण ज्या घरात जायचं ते घर वर्षभर कसं चालतं, एवढं आधी बघून घे.

शिरूर 1999 ला तालुका झालं, पुढं ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. बोर्ड बदलला म्हणून आपण पेढे वाटले. काय गेलं त्याची मोजदाद कुणी केली नाही. ग्रामसभा गेली, बापू. 26 जानेवारीला, 1 मेला झाडाखाली उभं राहून सरपंचाला तोंडावर विचारता यायचं, ‘हा खर्च कशाचा?’ तमाशा व्हायचा, शिव्याही व्हायच्या. पण साध्या माणसालाही विचारायचा हक्क होता. आता 1965 चा नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कायदा लागू झाला. दोन महिन्यांतून निदान एक सर्वसाधारण सभा घ्यायची, आणि तिथं बोलायचं ते 17 निवडून आलेल्यांनी आणि दोन-तीन स्वीकृतांनी. म्हणजे तुझ्या वॉर्डातल्या माणसांची ग्रामसभा आता एकट्या तुझ्या तोंडात. हे ओझं कळतंय ना?

योजनाही बदलल्या. खेड्याला पाण्यासाठी जलजीवन मिशन, आपल्याला अमृत 2.0. घरकुलाची यादी वेगळी, निकष वेगळे. शेजारच्या वाडीतल्या पाहुण्याला मिळालं ते आपल्याला का नाही, हा प्रश्न तुला रोज चहाच्या टपरीवर विचारतील. उत्तर पाठ करून ठेव.

आता पैशाचं. नगरपंचायतीचं वर्ष निकालाच्या गुलालानं नाही, 1 एप्रिलला सुरू होतं, आणि त्याआधीची अंदाजपत्रकाची सभा हीच खरी सभा. त्या जाडजूड गठ्ठ्यातले आकडे बघून माणूस हुरळतो. पण वित्त आयोगाच्या पैशाचा मोठा हिस्सा पाण्याला आणि स्वच्छतेला बांधलेला. नगरोत्थान योजनेचा पैसा त्याच्याच कामाला, दलित वस्तीचा त्या वस्तीलाच लागला पाहिजे. जो मोकळा राहतो तो घरपट्टीचा, पाणीपट्टीचा, गाळ्यांच्या भाड्याचा, बाजाराच्या वसुलीचा. तो थोडका, आणि त्यातूनच दिवाबत्ती, झाडलोट, फुटलेली पाइपलाइन भागवायची. सदस्याची अक्कल लागते ती या थोडक्या पैशावर. आमदार-खासदारांच्या निधीच्या नारळाला फोटोत उभं राहायला अक्कल लागत नाही.

घरपट्टीचं बिल काढून बघ, तुझ्या आईनं देव्हाऱ्यामागं ठेवलेलं असतं. त्यात एकाखाली एक ओळी आहेत: मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर, दुकान असेल तर रोजगार हमी कर. शेवटचा आकडा बघून लोक नगरपंचायतीला शिव्या देतात; पण शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपंचायत फक्त गोळा करते, ते जातात राज्याकडं. मार्च आला की वसुलीची माणसं दारोदार फिरतात, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक सदस्य म्हणतो, ‘माझ्या वॉर्डात जरा सबुरीनं घ्या.’ मतं टिकतात, तिजोरी रिकामी राहते, आणि मग तोच सदस्य सभेत विचारतो की गटारीला पैसा का नाही! तुझी स्वतःची थकबाकी मात्र आधी भर. थकबाकीदाराचा अर्ज छाननीतच उडतो.

उन्हाळा पाण्याचा असतो, त्यावर काय लिहू, तू इथंच वाढलास.

पावसाळ्याचं मात्र लिहितो. गेल्या सप्टेंबरात सिंदफणा कशी चढली ते तू मोबाइलवर बघितलंस. बालाघाटात पाऊस कोसळला की ही नदी गावाला फार वेळ देत नाही. पाणी गावात शिरलं तेव्हा सगळे धावले, जेवणं वाटली, व्हिडिओ निघाले. पाणी ओसरल्यावर काम सुरू होतं ते चिखलाचं, कुजलेल्या धान्याचं, पंचनाम्याच्या यादीचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं नळाच्या पाण्याचं. टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकली म्हणतात, पण ती शेवटच्या नळाला पोचली का? काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. पुरानंतर रोज सकाळी आपल्या वॉर्डाच्या शेवटच्या नळाशी उभं राहून ती नळी बघणारा सदस्य मला दाखव, त्याचा प्रचार मी या वयात सायकलवर करीन.

दसरा झाला की निम्मा तालुका कोयता घेऊन उसाच्या फडावर जातो. मागची निवडणूक आठव. 21 डिसेंबर 2021 चं मतदान, ओबीसी आरक्षण कोर्टात अडकलं म्हणून त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचं मतदान 18 जानेवारीला. ऊसतोडीच्या ऐन हंगामात दोनदा! काही शे मतांच्या वॉर्डात फडावरून आणलेली एक गाडी निकाल फिरवते. गाडीचं भाडं कोण देतो आणि मग पाच वर्षं ते कसं वसूल करतो, हे तुला मी सांगायला नको.

यावरून तुझ्या जेसीबीचं. नगरपंचायतीच्या कंत्राटात सदस्याचा हितसंबंध निघाला तर पद जातं. ‘मेव्हण्याच्या नावावर करतो’ म्हणालास ना, ते मला ऐकू आलं नाही असं समज. जेसीबी तरी ठेव, नाहीतर उमेदवारी तरी.

आता कायदाही बदललाय, नगराध्यक्ष थेट लोकांतून. गेल्या डिसेंबरात गेवराई, माजलगावला तसंच झालं. म्हणजे अध्यक्ष एका पार्टीचा आणि सभागृह दुसऱ्याचं असंही होऊ शकतं. तेव्हा ओरडण्यापेक्षा विषयपत्रिका आदल्या रात्री वाचून जा, आणि विरोध असेल तर तो इतिवृत्तात नाव घालून लिहून घे. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

राहिली एक गोष्ट. वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत अजून निघायची आहे आणि निम्म्या जागा महिलांच्या. तुझा वॉर्ड महिलांसाठी निघाला तर बॅनरवर सूनबाईंचा फोटो आणि खुर्चीत तू, असं ठरवून बसला असशील. त्या बी.एस्सी. आहेत, हिशोब तुझ्यापेक्षा चोख ठेवतात. तशी वेळ आली तर त्यांच्याशी मी बोलेन. तू मध्ये पडू नकोस.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मामा