जिवाणूंच्या घरचे औषध

गेल्या महिन्यात सिडकोतील एका आजीबाईंचा लघवीचा कल्चर रिपोर्ट हाती आला. जवळजवळ प्रत्येक औषधापुढे 'आर', म्हणजे ते निकामी. उरले कोलिस्टिन, शेवटचा उपाय म्हणून राखलेले आणि मूत्रपिंडांना जाचक.

वाचकहो, हे औषध मुळात मातीतल्या एका जिवाणूचे शस्त्र आहे. पेप्टाइड नावाची ही छोटी साखळी शत्रू-जिवाणूचे आवरण फाडते. आपल्या घरच्या निओस्पोरिन पावडरीतही अशी दोन पेप्टाइडे असतात!

पूर्वी त्यांच्या शोधासाठी जिवाणू वाढवूनच पाहावे लागत. आता जिवाणूचा जीनोम वाचून संगणक अशी साखळी हेरतो. मग ती प्रयोगशाळेत तयार करून तपासतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने या पेप्टाइडांचा 'कॅम्प' हा संग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी साखळी जंतुनाशक ठरेल का, याचा अंदाजही तो देतो.

मात्र अंदाजच. शरीरातील विकरे अशा साखळ्या चटकन तोडतात. काही साखळ्या आपल्याच तांबड्या पेशी फोडतात. म्हणून संगणकापासून दवाखान्यापर्यंतची वाट अनेक वर्षांची.

आजीबाईंना रुग्णालयात दाखल करावे लागले. मुलाने घरातला औषधांचा डबा आणून दाखवला. त्यात चार निरनिराळ्या अँटिबायोटिकांच्या अर्धवट पट्ट्या होत्या.