दाखवायला काही नाही म्हणून

संशोधनाच्या कामाला संध्याकाळ नसते. बँकेतला माणूस हिशेब जुळला की काउंटर बंद करून घरी जातो. पीएचडी करणाऱ्याला ‘आजचं झालं, ऊठ आता’ असं सांगणारं कुणीच नसतं. जेवायला बसलं तरी एखादा लेख वाचायचा राहिलेला असतोच. मग गावच्या जत्रेला जाणं काय, दुपारी तासभर आडवं होणं काय, सगळं चोरून केल्यासारखं वाटायला लागतं. ही बोच वर्षानुवर्षं मुरली की माणूस आतून पोखरला जातो. गाइड म्हणून मी हे फार जवळून पाहत आले आहे.

मराठवाड्यातून आलेली माझी एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगार बायकांवर काम करते. दरवर्षी उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ टोळीबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जातो आणि फडात खाडा झाला तर दंड बसतो. पाळीचा त्रास नको म्हणून ऐन तिशीत गर्भाशय काढून घेतलेल्या बायकांशी ती बोलली होती. त्या मुलाखती लिहून काढायचं काम तिनं वसतिगृहाच्या खोलीत, रात्री, कानाला हेडफोन लावून सुरू केलं. एकेक वाक्य मागेपुढे करून पुनःपुन्हा ऐकायचं. रेकॉर्डिंगमध्ये मधेच पोर रडतं, भांडं पडतं, बाई बोलायची थांबते. ते थांबणंही नोंदवायचं. हिची सख्खी मावशी ऊसतोडीलाच जायची, त्यामुळे परक्याचं दुःख लिहितोय अशी सोयही नव्हती.

हळूहळू ती विभागात दिसेनाशी झाली. फोन केला तर म्हणाली, “मॅडम, दाखवायला काही नाही म्हणून येत नाही.”

या एका वाक्यात संशोधकांचा निम्मा एकटेपणा आहे असं मला वाटतं. काम अडलं की सोबतीची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमकं तेव्हाच तोंड चुकवलं जातं. आम्ही गाइड मंडळी भेटल्याभेटल्या ‘प्रकरण कुठवर आलं?’ विचारतो, दर सत्राला समितीपुढे प्रगती मांडायची असते, आणि लग्नाकार्यात नातेवाईक ‘झालं का गं?’ म्हणून विचारतात ते वेगळंच.

अशा मुलांना योगा करा, लवकर झोपा असं सांगितलं जातं. झोपेबद्दल मी स्वतः आग्रही आहे. पण सगळा भार विद्यार्थ्याच्या सवयींवर टाकून आम्ही मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २६ देशांतल्या २,२७९ जणांनी भाग घेतला होता, त्यांत बहुतेक पीएचडीचे विद्यार्थी होते. सुमारे ४० टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता किंवा नैराश्याची लक्षणं दिसली. उत्तरं स्वतःहून देणाऱ्यांचीच ती पाहणी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावू नये. पण त्रास असलेल्या बऱ्याच जणांनी आपल्या गाइडकडून खरा आधार मिळत नसल्याचं सांगितलं होतं, ते मात्र मला विसरता येत नाही.

मी तिला रिकाम्या हातानं यायला सांगितलं. आली. प्रकरणाचा विषय न काढता आम्ही एकच मुलाखत शेजारी बसून ऐकली. आता विभागात ठरूनच गेलंय: अशी रेकॉर्डिंग रात्री ऐकायची नाहीत, एका दिवशी एकच ऐकायची, आणि ऐकून झाल्यावर कुणाशी तरी बोलल्याशिवाय खोलीवर जायचं नाही. सूचनाफलकावर फेलोशिपच्या परिपत्रकाशेजारी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावला आहे. तिथे चोवीस तास, मराठीतूनही, बोलता येतं. ती समुपदेशकाकडेही जाते, आणि जाते म्हणून उघड सांगते, याचं मला फार कौतुक आहे.

काम वाटून घेणं संशोधनाला नवं नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा चौकटी आखलेल्या कागदांवर एकेक अक्षर मांडून त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातला पाठभेद नोंदवत. पाठ जुळवण्याचं काम शांतिनिकेतन आणि तंजावरलाही चाले. सुकथनकरांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद घेतलं, १९४३ मध्ये ते गेले. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्यांनी काम पुढे नेलं आणि १९६६ मध्ये ते तडीस गेलं. एवढं मोठं काम एकट्यानं संपवावं अशी अपेक्षा सुकथनकरांकडूनही कुणी केली नव्हती. वसतिगृहातल्या मुलीकडून मात्र आपण ती सहज करतो.

आणि पैसा. त्याशिवाय मनःस्वास्थ्याची चर्चा अर्धवट राहते. कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ) दरमहा आधी ३७,००० आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, तीही जास्तीत जास्त पाच वर्षं. पीएचडीची मुदत सहा वर्षांची, मुलींना आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. म्हणजे मुदत असते पण हातात पैसा नसतो, असा काळ बहुतेकांच्या वाट्याला येतोच. माझ्या या विद्यार्थिनीच्या पैशातून तिच्या धाकट्या भावाची फी जाते. फेलोशिप या सत्राअखेर संपते आणि दोन प्रकरणं बाकी आहेत. तासिका तत्त्वावर तिला काही तास मिळावेत म्हणून अर्ज केला आहे. विभागप्रमुखांची सही झाली, प्राचार्यांची व्हायची आहे. सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे.